माल्डीचा आकडा जीपीसीशी जुळत नाही: पॉलिमरच्या मास स्पेक्ट्रमची तपासणी कुठून सुरू करायची

पॉलिमरवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ही तक्रार कधी ना कधी येते. जीपीसीवर (साखळ्या आकाराप्रमाणे वेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफी) सरासरी रेणुवस्तुमान २०,००० आलं, आणि तोच नमुना माल्डी-टॉफला (लेसरने आयन बनवून त्यांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान काढणारं यंत्र) दिला तर पीक्सची रांग दहा-बारा हजारांच्या आसपासच विरून जाते. दुसऱ्या दिवशी नवा स्पॉट (यंत्राच्या प्लेटवर सुकवलेला नमुन्याचा थेंब) टाकला की आकडा तिसराच. त्यात पीक्सच्या मुख्य मालिकेच्या मधेमधे एक-दोन अनोळखी मालिका उगवलेल्या असतात. मग लेसर वाढवून बघ, मॅट्रिक्स (लेसरची ऊर्जा शोषून घेणारा, नमुन्यात मिसळलेला पदार्थ) बदलून बघ, स्पॉटच्या कडेला मारून बघ असं सुरू होतं, आणि संध्याकाळी हातात ढीगभर स्पेक्ट्रा उरतात, ज्यांतला एकही दुसऱ्याशी मेळ खात नाही.

अडचण अशी आहे की या एकाच लक्षणामागे तीन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, मुळात दोन आकड्यांची तुलनाच चुकीची असते. दोन, यंत्राला जड साखळ्या हलक्यांइतक्या नीट दिसत नाहीत. तीन, पॉलिमर, मॅट्रिक्स आणि सॉल्ट (साखळीला धातूचा आयन पुरवणारा क्षार) प्लेटवर नीट मिसळलेले नसतात. या तिन्हींचे उपाय एकमेकांच्या आड येतात. स्पॉट वाईट असताना लेसर वाढवला की थोडाफार सिग्नल मिळतो खरा, पण त्याच वेळी हलक्या आयनांनी डिटेक्टर बुजतो आणि जड बाजू आणखी दबते. म्हणून उपायाला हात घालण्याआधी कारण वेगळं काढायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खालचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी जीपीसीला प्रश्न विचारा

माल्डी कमी दाखवतंय असं आपण पटकन म्हणतो, कारण जीपीसीची सवय जुनी आहे. पण जीपीसी वस्तुमान मोजतच नाही. द्रावणात साखळीचा गोळा किती जागा व्यापतो, तेवढंच ते मोजतं, आणि त्या आकाराचं रूपांतर आपण कॅलिब्रेशनच्या रेषेवरून वस्तुमानात करतो. ही रेषा बहुतेक ठिकाणी पॉलिस्टायरीनच्या मानक नमुन्यांवरून काढलेली असते. तुमचा पॉलिमर पॉलिस्टायरीन नसेल, तर मिळालेला आकडा ‘एवढ्या आकाराचं पॉलिस्टायरीन किती वजनाचं असतं’ याचं उत्तर असतो.

पॉलिलॅक्टाइडचं (पीएलए) उदाहरण यासाठी सगळ्यात स्पष्ट आहे. टीएचएफ या द्रावकात, पॉलिस्टायरीनच्या कॅलिब्रेशनवर आलेला पीएलएचा आकडा ०.५८ने गुणायची पद्धत रूढ आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसाठी हाच गुणक ०.५६ धरतात. म्हणजे जीपीसीवरचे २०,००० प्रत्यक्षात ११,६०० असू शकतात, आणि माल्डीने अकरा-साडेअकरा हजार दाखवले असतील तर माल्डीत काहीही बिघडलेलं नाही. जीपीसीला लाइट स्कॅटरिंग डिटेक्टर (विखुरलेल्या प्रकाशावरून वस्तुमान थेट काढणारा) जोडलेला असेल तर ही शंका उरत नाही. तेव्हा अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच: आकडा पॉलिस्टायरीन-सापेक्ष आहे की निरपेक्ष?

दुसरा घोळ आलेखाच्या आकारात असतो. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण तो डोळ्यांना खरा वाटतो. जीपीसीचा आलेख वजनाचा असतो आणि आडवा अक्ष लॉगरिदमचा. माल्डीत प्रत्येक पीकची उंची, निदान तत्त्वतः, त्या लांबीच्या साखळ्यांची संख्या सांगते आणि अक्ष सरळ असतो. समजा डिस्पर्सिटी २ असलेला, स्टेप-ग्रोथ पद्धतीने बनलेला पॉलिमर आहे आणि त्याचा एमएन १०,००० आहे. (एमएन म्हणजे साखळ्यांच्या संख्येनुसार सरासरी वस्तुमान, एमडब्ल्यू म्हणजे वजनानुसार; एमडब्ल्यू भागिले एमएन ही डिस्पर्सिटी, म्हणजे वितरण किती रुंद आहे त्याचं माप.) जीपीसीवर त्याचा माथा २०,०००वर दिसेल, कारण लॉग अक्षावरचं वजनाचं वितरण म्हणजे संख्येचं वितरण साखळीच्या वस्तुमानाच्या वर्गाने गुणलेलं. संख्येच्या वितरणाला मात्र माथाच नसतो. सर्वांत छोट्या साखळ्या संख्येने सर्वांत जास्त असतात आणि तिथून रेषा उतरतच जाते. अगदी निर्दोष यंत्र असतं तरी हे दोन आलेख एकमेकांसारखे दिसले नसते. म्हणून माथ्याची माथ्याशी तुलना करू नका. दोन्हीकडून एमएन आणि एमडब्ल्यू काढा आणि तेच शेजारी ठेवा.

एवढं केल्यावर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी पुढे.

डिस्पर्सिटी किती आहे?

अनुभवाने ठरलेली एक सीमा आहे. डिस्पर्सिटी साधारण १.२च्या आत असेल तर माल्डीचा एमएन भरवशाचा धरायला हरकत नाही. त्याच्या पुढे गेलात की आकडा खाली झुकायला लागतो, आणि १.५ किंवा २च्या नमुन्यात तो इतका खाली येतो की त्याला सरासरी म्हणणंच चुकीचं ठरतं. स्पेक्ट्रम दिसायला सुंदर असतो, पीक्स सुटसुटीत असतात, सॉफ्टवेअर १.०८ अशी डिस्पर्सिटीही छापून देतं. ती पॉलिमरची डिस्पर्सिटी नसते. यंत्राने त्यातून जेवढा तुकडा दाखवला, त्या तुकड्याची असते.

हे का होतं ते समजून घेतलं तर उपायही आपोआप सुचतात. टॉफमध्ये सगळ्या आयनांना सारखीच ऊर्जा मिळते, त्यामुळे जड आयन हळू धावतात. २० किलोव्होल्टच्या त्वरणावर २,००० डाल्टनचा (डाल्टन हे रेणुवस्तुमानाचं एकक) आयन सेकंदाला सुमारे ४४ किलोमीटर वेगाने डिटेक्टरवर आदळतो, तर २०,००० डाल्टनचा आयन फक्त १४ किलोमीटर वेगाने. डिटेक्टरमधल्या मायक्रोचॅनेल प्लेटमधून (सूक्ष्म नळ्यांची चकती) किती इलेक्ट्रॉन उडतील हे या वेगावर अवलंबून असतं, त्यामुळे जड आयनाची थाप मुळातच मंद पडते. त्यातून, जे चॅनेल नुकतेच पेटलेत त्यांना सावरायला वेळ लागतो. हलके आयन आधी पोहोचतात, चॅनेल रिकामे करून टाकतात, आणि मागून येणाऱ्या जड आयनांना थकलेला डिटेक्टर मिळतो. मॅट्रिक्सचे आयन तर सगळ्यांच्या आधी आणि झुंडीने येतात.

तिसरं कारण साधं आहे, पण नजरेतून सुटतं. रुंद वितरणात एकूण सिग्नल शेकडो पीक्समध्ये वाटला जातो, आणि प्रत्येक पीक पुन्हा समस्थानिकांमध्ये विभागला जातो. शेपटाकडच्या प्रत्येक साखळीच्या वाट्याला इतकं थोडं येतं की ते नॉइजखाली जातं. मग सॉफ्टवेअर बेसलाइन वजा करतं आणि ते शेपूट कापूनच टाकतं. जड साखळ्या तिथे असतात, फक्त हिशेबात धरल्या जात नाहीत.

तुमच्या नमुन्यात असं घडतंय का, हे पाहायला दोन चाचण्या पुरतात. पहिली: सिग्नल जिथे जेमतेम सुरू होतो तिथून लेसरची ऊर्जा टप्प्याटप्प्याने वाढवा आणि दर टप्प्याला एमएन काढा. ऊर्जेबरोबर एमएन सरकत असेल तर त्यातला कुठलाही आकडा अहवालात घालण्यासारखा नाही. दुसरी: त्याच पॉलिमरचे दोन अरुंद मानक नमुने घ्या, एक हलका आणि एक जड, रेणूंची संख्या सारखी राहील अशा प्रमाणात मिसळा आणि दोन गटांखालचं क्षेत्रफळ ताडून बघा. जड गट किती दबला आहे ते लगेच दिसेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने पॉलिस्टायरीनचा मानक नमुना माल्डीवर प्रमाणित करताना याच प्रश्नावर प्रचंड मेहनत घेतली. तीव्रतेचं कॅलिब्रेशन वस्तुमानाच्या कॅलिब्रेशनपेक्षा किती अवघड आहे, ते त्या कामावरून कळतं.

उपायांमध्ये लो-मास गेट चालू करणं सर्वांत सोपं. मॅट्रिक्सचे आयन डिटेक्टरपर्यंत पोहोचूच द्यायचे नाहीत. लेसर उंबरठ्याच्या जरासाच वर ठेवा. दहा-पंधरा हजारांच्या वरच्या नमुन्यांसाठी रिफ्लेक्ट्रॉनचा (आयन परतवून पीक्स अधिक सुटे करणारा आरसा) मोह सोडून लिनियर मोड (आयन सरळ डिटेक्टरकडे) वापरा. पण डिस्पर्सिटी खरोखरच मोठी असेल तर यातलं काहीही पुरणार नाही, आणि ते मान्य करून खरा उपाय करावा: जीपीसीवरून बाहेर पडणारे फ्रॅक्शन वेगवेगळ्या नळ्यांत गोळा करा, काही निवडक फ्रॅक्शन माल्डीवर घ्या, आणि त्या वस्तुमानांनी जीपीसीचीच रेषा पुन्हा आखा. प्रत्येक फ्रॅक्शन अरुंद असतो, म्हणून माल्डी त्याचं वस्तुमान अचूक सांगतं. संपूर्ण वितरण मोजायचं काम जीपीसीकडे राहतं. वेळ लागतो, पण दोन्ही यंत्रांना जे नीट जमतं तेवढंच त्यांच्याकडून करून घेतलं जातं.

सिग्नलच येत नाही

इथे पहिला प्रश्न: धन आयन साखळीवर बसणार कुठे? प्रथिनांवर प्रोटॉन सहज बसतो. कृत्रिम पॉलिमरना बहुधा धातूचा आयन द्यावा लागतो. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), पीएमएमए (पॉलिमिथिल मेथाक्रिलेट), पीएलए यांसारख्या ऑक्सिजनवाल्या साखळ्यांना सोडियम किंवा पोटॅशियम पुरतो. पॉलिस्टायरीन, पॉलिब्युटाडाईन, पॉलिआयसोप्रीन यांच्याकडे ऑक्सिजन नाही पण दुहेरी बंध किंवा अॅरोमॅटिक वलयं आहेत, त्यांना चांदीचा आयन लागतो. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनकडे यातलं काहीच नाही. त्यांच्यावर कितीही सॉल्ट घाला, उपयोग होत नाही. टोकाला रासायनिक बंधाने कायमचा प्रभार असलेला गट जोडावा लागतो. पॉलिइथिलीनचा स्पेक्ट्रम येत नाही म्हणून मॅट्रिक्स बदलत बसलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण ती मेहनत सुरुवातीपासूनच वाया जाणारी असते.

मॅट्रिक्सबाबत माझं मत ठाम आहे: अनोळखी पॉलिमर असेल तर डीसीटीबीपासून सुरुवात करा. ते बहुतेक द्रावकांत विरघळतं, कमी लेसरवर काम देतं आणि त्यामुळे साखळ्या कमी तुटतात. पीईजीसारख्या ध्रुवीय पॉलिमरना डीएचबी चालतं, पॉलिस्टायरीनला डिथ्रॅनॉल अनेक वर्षं वापरात आहे, पीएमएमएसाठी इंडोलअॅक्रिलिक अॅसिड. ही सगळी नावं पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवावी: मॅट्रिक्स आणि पॉलिमर यांची ध्रुवीयता जवळजवळची हवी, नाहीतर सुकताना ते एकमेकांपासून दूर पळतात.

चांदीचं सॉल्ट प्रकाशात काळं पडतं. अंधारात ठेवा, द्रावण ताजं करा.

रोज वेगळा आकडा

एकाच प्लेटवर, एकाच नमुन्याच्या दोन स्पॉटमधून वेगवेगळे एमएन येत असतील तर दोष तयारीत आहे, आणि तो बहुतेक वेळा द्रावकातून येतो. पॉलिस्टायरीन टीएचएफमध्ये, मॅट्रिक्स टीएचएफमध्ये आणि सॉल्ट मात्र पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये, ही मांडणी फार ठिकाणी दिसते. थेंब प्लेटवर पडल्यावर टीएचएफ आधी उडून जातं, मागे पाणी-मिथेनॉल उरतं, आणि पॉलिस्टायरीन त्यातून लगेच बाहेर पडतं. त्यातही लांब साखळ्या आधी बाहेर पडतात, कारण त्यांची विद्राव्यता कमी. म्हणजे स्पॉट सुकतानाच साखळ्यांची लांबीप्रमाणे वाटणी होते: मध्यभागी एक वितरण, कडेला दुसरं. सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेट टीएचएफमध्ये विरघळतं, चांदीचं ट्रायफ्लुओरोअॅसिटेटही विरघळतं. तेव्हा तिन्ही द्रावणं एकाच द्रावकात करणं शक्य असेल तिथे दुसरा पर्यायच ठेवू नये.

सुरुवातीचं प्रमाण म्हणून मॅट्रिक्स २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पॉलिमर १० आणि सॉल्ट १ घ्या, आणि आकारमानाने १०:१:१ मिसळा. रेणूंच्या हिशेबात मॅट्रिक्स पॉलिमरच्या शेकडो ते हजारो पट असायला हवं. साखळी जितकी लांब तितकं हे गुणोत्तर वाढवावं लागतं, हे विसरून २,०००च्या पीईजीला चाललेली कृती ५०,०००च्या पीएमएमएला लावली की सिग्नल पडतो. सॉल्ट वाढवणं हा मोहाचा मार्ग आहे. थोडं वाढवलं की सुधारणा होते, आणखी वाढवलं की सॉल्टचे स्वतःचे गुच्छ दिसायला लागतात आणि पॉलिमर दबतो.

जो पॉलिमर कशातच नीट विरघळत नाही, त्याच्यासाठी द्रावकाविना तयारी करता येते. पॉलिमर, मॅट्रिक्स आणि सॉल्ट एकत्र बारीक दळायचे आणि ती पूड पातळ थरात प्लेटवर दाबायची. विद्राव्यतेचा प्रश्नच काढून टाकल्यामुळे सुकताना होणारी वाटणीही टळते. शंका असेल तेव्हा विरघळणाऱ्या पॉलिमरवरही ही पद्धत एकदा करून पाहावी. दोन्ही पद्धतींनी सारखाच एमएन आला तर तुमचा थेंब नीट सुकतो आहे.

मधेच उगवलेल्या मालिका

आता सर्वांत रंजक भाग. मुख्य मालिकेच्या बाजूला दुसरी मालिका दिसली की दोन शक्यता असतात: ती नमुन्यात खरोखर आहे, किंवा ती आयनीभवनात तयार झाली आहे. संश्लेषण करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जमीन-अस्मानाचा. पहिल्यात त्याची विक्रिया चुकली आहे, दुसऱ्यात ती उत्तम झालेली असू शकते.

सर्वांत नेहमीची मालिका मुख्य पीकच्या १६ डाल्टन पुढे असते. ‘ऑक्सिडेशन झालं’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण सोडियमऐवजी पोटॅशियम बसलं तर पीक १५.९७४ने सरकतो, आणि एक ऑक्सिजन वाढला तर १५.९९५ने. फरक ०.०२१ डाल्टनचा. एम/झेड (वस्तुमान भागिले प्रभार) २,०००च्या आसपास तो साधारण १० पीपीएम (दशलक्षात दहा भाग) होतो, म्हणजे कॅलिब्रेशन जरा सैल असेल तर सांगताच येत नाही. काचेच्या भांड्यांतून, द्रावकातून, हाताच्या घामातून सोडियम-पोटॅशियम येतच असतात. इथे जास्त रिझोल्यूशनचं यंत्र शोधत बसण्याची गरज नाही. सॉल्ट बदला. सोडियमच्या जागी पोटॅशियमचं सॉल्ट भरपूर घातलं की पोटॅशियमची मालिका मोठी होईल आणि सोडियमची मावळेल. ती मालिका खरंच ऑक्सिडेशनची असेल तर दोन्ही मालिका, आपापसातलं अंतर आणि प्रमाण राखून, एकत्रच पुढे सरकतील. लिथियम वापरायचं असेल तर एक योगायोग ध्यानात घ्या: लिथियम ते सोडियम हे अंतरही १५.९७४च आहे. त्यामुळे लिथियमच्या नमुन्यात उरलेलं सोडियम पुन्हा ‘ऑक्सिडेशन’सारखंच दिसतं.

ही सॉल्ट-बदलाची चाचणी माझ्या मते पॉलिमरच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी चाचणी आहे. तिची ताकद दाखवणारं एक उदाहरण सविस्तर देतो.

बेन्झिल अल्कोहोलने सुरू केलेलं पीएलए घ्या, साखळी छोटी, एम/झेड २,३००च्या आसपास. रिपीट युनिट (साखळीत पुन्हा पुन्हा येणारा घटक) ७२.०२१ आहे, टोकांचं मिळून वस्तुमान बेन्झिल अल्कोहोलइतकं, १०८.०५८. तीस युनिटांची साखळी सोडियमसह २,२९१.६८वर दिसते. विक्रियेत पाणी शिरलं असेल तर काही साखळ्या पाण्याने सुरू होतात, त्यांच्या टोकांचं वस्तुमान १८.०११. हिशेब केला तर त्यांची मालिका मुख्य मालिकेच्या १८.०२६ आधी पडते. शेपटाने स्वतःच्याच साखळीवर हल्ला करून वलय तयार झालं असेल तर त्याला टोकंच नसतात, आणि ती मालिका ३६.०३६ आधी येते. इथपर्यंत ठीक. आता पाण्याने सुरू झालेल्या साखळ्यांवर थोडं पोटॅशियम बसलं तर? १८.०२६ मागे आणि १५.९७४ पुढे, म्हणजे मुख्य पीकच्या फक्त २.०५ डाल्टन आधी. बघणारा म्हणतो, दोन हायड्रोजन गेले, टोकाला दुहेरी बंध तयार झाला. आणि त्या दुहेरी बंधाच्या शोधात एनएमआरवर (रेणूची रचना दाखवणारं दुसरं तंत्र) दिवस जातो, जो तिथे सापडणारच नाही. सोडियमचं सॉल्ट वाढवून पाहिलं असतं तर तो पीक लगेच खचला असता आणि पाण्याचा प्रश्न उघडा पडला असता.

पीएलएमध्येच आणखी एक. लॅक्टाइड हे दोन युनिटांचं वलय, तेव्हा पीक्स १४४.०४२च्या अंतराने यायला हवेत. मध्ये ७२ची मालिका दिसली तर ती यंत्राची नाही. ट्रान्सएस्टरिफिकेशन झालं आहे: साखळ्यांनी एकमेकींना मधेच तोडून जोडलं. विक्रिया लवकर थांबवा किंवा तापमान उतरवा, स्पेक्ट्रममध्ये फरक दिसेल.

काही मालिका पॉलिमरच्या नसतातच. १३६ डाल्टनच्या अंतराने चाललेली रांग सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेटच्या गुच्छांची. त्याचं रेणुवस्तुमान १३५.९७५. चांदीचे अणू एकत्र येऊन सुमारे १०८च्या अंतराने रांग लावतात, आणि पॉलिस्टायरीनचं युनिट १०४.०६३ असल्याने दुरून पाहणारा सहज फसतो. चांदीचा समस्थानिक नमुना मात्र ओळखीचा आहे: १०७ आणि १०९ जवळजवळ सारख्याच प्रमाणात. ७४.०१९चं अंतर दिसलं तर सिलिकॉन ग्रीस किंवा सेप्टम (बाटलीचं रबरी बूच) आठवा, ४४.०२६ दिसलं आणि तुम्ही पीईजी वापरलंच नसेल तर साबण आठवा. पॉलिमर न घालता फक्त मॅट्रिक्स आणि सॉल्टचा एक स्पॉट प्रत्येक प्लेटवर ठेवला तर हे सगळं मिनिटभरात निकाली निघतं.

नाजूक टोकं

नियंत्रित रॅडिकल पद्धतींनी बनवलेल्या पॉलिमरमध्ये टोकाचा गट हाच बहुधा मुख्य प्रश्न असतो, आणि नेमका तोच माल्डीत टिकत नाही. एटीआरपी या अशाच एका पद्धतीने केलेल्या पॉलिस्टायरीनच्या टोकाला ब्रोमीन असतो. चांदीचं सॉल्ट घातलं की चांदी तो ब्रोमीन ओढून घेते, हायड्रोजन ब्रोमाइड निघून जातं आणि पीक ७९.९३ डाल्टन मागे दिसतो. पीएमएमएच्या बाबतीत मिथिल ब्रोमाइड जाऊन टोकाला लॅक्टोनचं वलय बनतं, म्हणजे ९३.९४चं नुकसान. अझाइडचं टोक २८.००६चा नायट्रोजन सोडून देतं, काही वेळा उड्डाणाच्या मधेच, त्यामुळे रिफ्लेक्ट्रॉनमध्ये एक पसरट, चुकीच्या जागी बसलेला पीक येतो. राफ्ट या दुसऱ्या नियंत्रित पद्धतीचे थायोकार्बोनिल गटही असेच हळवे.

स्पेक्ट्रममध्ये ब्रोमीन दिसला नाही म्हणून ‘साखळ्या मेल्या’ असं लिहिण्याआधी तीन गोष्टी करा. लेसर उंबरठ्यापर्यंत उतरवा. डीसीटीबी वापरा, आणि शक्य तिथे चांदी टाळा. लिनियर आणि रिफ्लेक्ट्रॉन दोन्ही स्पेक्ट्रा घेऊन शेजारी ठेवा. एकात असलेली आणि दुसऱ्यात हललेली मालिका म्हणजे उड्डाणात तुटलेले आयन. एवढं करूनही शंका राहिली तर टोकाचा गट विक्रिया करून टिकाऊ गटात बदला आणि तो मोजा. एनएमआरशी पडताळणी तर हवीच.

ईएसआय वापरत असाल तर

ईएसआयमध्ये (द्रावणाचा विद्युतभारित फवारा उडवून आयन बनवण्याची पद्धत) टोकं जास्त टिकतात, पण एका साखळीवर अनेक प्रभार बसतात. हे जॉन फेन यांच्या गटाने १९८८मध्ये पीईजीवरच दाखवलं होतं, आणि पुढे २००२च्या नोबेलमध्ये फेन आणि माल्डीच्या बाजूचे कोइची तानाका सहमानकरी झाले. पीईजीची एक प्रभाराची मालिका ४४.०२६ने चालते, दोन प्रभारांची २२.०१३ने, तीनची १४.६७५ने, आणि या सगळ्या एकमेकींत घुसतात. ‘मिश्रण आहे’ असं वाटलं की आधी समस्थानिकांमधलं अंतर मोजा: एक, अर्धा, की एक तृतीयांश. अमोनियमचे आयनही बघायला विसरू नका. पाच-सहा हजारांपुढच्या, रुंद नमुन्यांना ईएसआय एकट्याने पुरत नाही; समोर क्रोमॅटोग्राफी लागते.

वस्तुमान एक-दोन डाल्टनने हुकतं

बहुतेक वेळा एका बाजूला मोनोआयसोटोपिक (प्रत्येक मूलद्रव्याचा सर्वांत विपुल समस्थानिकच धरून काढलेलं) आणि दुसऱ्या बाजूला सरासरी वस्तुमान धरलेलं असतं. ४५ युनिटांच्या पीईजीमध्ये नव्वद कार्बन आहेत, त्यामुळे पहिला आणि दुसरा समस्थानिक पीक जवळजवळ सारख्याच उंचीचे असतात; सॉफ्टवेअर कधी हा पकडतं, कधी तो. याच साखळीच्या सरासरी आणि मोनोआयसोटोपिक वस्तुमानात १.२ डाल्टनचा फरक आहे. शंभर युनिटांच्या पॉलिस्टायरीनमध्ये तो नऊच्या जवळ जातो आणि मोनोआयसोटोपिक पीक दिसतच नाही. समस्थानिक सुटे दिसत असतील तर मोनोआयसोटोपिक, नसतील तर सरासरी, आणि गणितात रिपीट युनिट, टोकं, धातू या तिन्हींसाठी तेच. कॅलिब्रेशनचा स्पॉट नमुन्याच्या अगदी शेजारी टाका, आणि शक्यतो त्याच मॅट्रिक्समध्ये.

हे सगळं करून अडकलात आणि कुणाला विचारायचं ठरवलं, तर नुसतं ‘सिग्नल येत नाही’ असं लिहू नका. पॉलिमर आणि तो कसा बनवला, जीपीसीची डिस्पर्सिटी आणि कॅलिब्रेशन कशाचं, मॅट्रिक्स, सॉल्ट, तिन्हींचे द्रावक आणि प्रमाण, लिनियर की रिफ्लेक्ट्रॉन, उंबरठ्याच्या तुलनेत लेसर किती, गेट कुठे लावलं होतं, एवढं द्या. सोबत रिकाम्या मॅट्रिक्स-सॉल्टच्या स्पॉटचा स्पेक्ट्रम, आणि बेसलाइन वजा न केलेला, स्मूथिंग न केलेला मूळ डेटा. चित्र चालत नाही. फाइल हवी, कारण ०.०२चा फरक चित्रात दिसत नाही.